घरातला औषधी डबा: दुकानात रोज विचारले जाणारे प्रश्न

चिपळूणला आमचं औषधाचं दुकान आहे. मी फार्मासिस्ट, वैद्य नाही, डॉक्टरही नाही. पण एका भिंतीला गोळ्या-सिरपं आणि समोरच्या भिंतीला चूर्णं, काढे, आसवं (आंबवलेली पातळ औषधं) आणि काष्ठौषधी (वाळवलेली मुळं, साली, फळं) ही मांडणी सासऱ्यांच्या वेळेपासून चालत आली आहे. त्यामुळे दोन्ही भिंतींचे प्रश्न माझ्याच गल्ल्यावर येतात. तेच तेच प्रश्न इतक्यांदा ऐकलेत की एकदाचं लिहून काढते.

घरात नव्यानं औषधी डबा करायचाय. काय काय आणू?

आधी स्वयंपाकघरातला मिसळणाचा डबा उघडा. हळद, ओवा, जिरं, हिंग, मिरी, लवंग, बडीशेप, मेथी, आमसूल. बटव्यातलं निम्मं सामान तिथंच असतं आणि ते रोज वापरात असल्यानं ताजंही असतं. त्यात सुंठेचे दोन तुकडे आणि बोटभर लांबीच्या ज्येष्ठमधाच्या चार-पाच कांड्या घाला. तयार औषधांपैकी सितोपलादि, त्रिफळा आणि हिंग्वाष्टक या चूर्णांच्या सगळ्यांत लहान डब्या, इसबगोलाचं एक पाकीट, मधाची लहान बाटली आणि कोकमतेलाचा एक गोळा पुरे.

याच डब्यात ओआरएसची चार पाकिटं, थर्मामीटर, पट्टी-कापूस आणि पॅरासिटामॉलची एक पट्टी ठेवा. आयुर्वेदाचं वेगळं आणि ॲलोपथीचं वेगळं अशी दोन कपाटं करणाऱ्या घरात रात्री दोन वाजता कुणालाच काही सापडत नाही.

"एवढंच?" असं विचारणारे बरेच असतात. मोठी यादी घेऊन आलेलं गिऱ्हाईक मी निम्म्या यादीवर परत पाठवते. धंद्याच्या दृष्टीनं हा मूर्खपणाच, नवराही तेच म्हणतो.

पाव किलो घेतलं तर स्वस्त पडतं. मग पन्नास ग्रॅमच का?

सासूबाई गेल्यावर त्यांचं भिंतीतलं कपाट मी आवरलं. हॉर्लिक्सच्या जुन्या बरण्या, पानाच्या तंबाखूचे डबे, वर्तमानपत्राच्या पुड्या, सगळं मिळून तीसच्या वर नग. चिठ्ठी फक्त चारांवर, त्यातल्या दोन चिठ्ठ्यांवर नुसतं "पोटाचं". एका बरणीतली करड्या रंगाची पूड मी वासावरून सुंठ समजले. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, ही तर दंतमंजनाची. आम्ही दोघी या घरात पंचवीस-तीस वर्षं वावरलेल्या, तरी एकमत होईना.

कुटलेल्या पदार्थाचा जीव थोडा. शार्ङ्गधर संहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात चूर्णाचं वीर्य, म्हणजे औषधी गुण, दोन महिन्यांनी उणावतं, गोळ्या आणि अवलेह (च्यवनप्राशासारखी चाटणं) वर्षभर टिकतात, आणि आसवं मात्र जुनी झाली की गुणी होतात असं सांगितलं आहे. आज कंपन्या चूर्णाच्या डबीवर साधारण दोन वर्षांची मुदत छापतात, पण ती बंद डबीची. एकदा सील फोडून ओला चमचा आत गेला की छापील तारखेला अर्थ उरत नाही. चार माणसांच्या घरात पाव किलो त्रिफळा संपायला वर्ष लागतं आणि त्यात आमचे चार महिने पावसाचे. स्वस्त घेतलेलं शेवटी उकिरड्यावरच जातं.

तयार चूर्ण चांगलं की अख्खी काष्ठौषधी आणून घरी कुटावी?

जे डोळ्यांनी ओळखता येतं ते अख्खं आणा. हळकुंड, सुंठ, ज्येष्ठमध, हिरडा, मुरुडशेंग, लवंग. पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीकडे किंवा मुंबईत काळबादेवीला गेलात तर हे सगळं समोर पोत्यात दिसतं, हातात घेऊन बघता येतं. मुरुडशेंगेचा तो दोरीसारखा पीळ दुसऱ्या कशाला नसतो, त्यामुळे तिथं फसवणूक अवघड. कुटल्यावर मात्र सगळ्याच पुड्या तपकिरी. लवंग घेताना टोकाची गोंडी शाबूत आहे का पाहा आणि नख दाबा. तेलाचा ओलसर डाग उमटला पाहिजे. तेल काढून घेतलेली लवंग दिसायला तशीच, पण नखाखाली कोरडी आणि हलकी.

अनेक घटकांची चूर्णं मात्र तयारच घ्या. घरचं कुटणं भरड होतं, आणि वस्त्रगाळ केल्याशिवाय सितोपलादि घशाला लागतं.

नावांचा घोळ वेगळाच. आपल्याकडे बऱ्याच घरांत 'ब्राह्मी' म्हणून कुंडीत लावलेली गोल पानांची वेल ही खरी मंडूकपर्णी असते; शास्त्रातली ब्राह्मी म्हणजे नीरब्राह्मी, जाडसर बारीक पानांची, दलदलीत वाढणारी. पानओव्याच्या झाडाला ओवा येत नाही, दोन्हींचा नुसता वास सारखा. कुणी गावाहून पाला आणून दिला की आधी नाव नाही, झाड विचारा.

डबीवर काय बघायचं?

भारतात आयुर्वेदिक औषध विकायला दुकानदाराला विक्री परवाना लागत नाही, बनवणाऱ्याला मात्र उत्पादन परवाना लागतो. म्हणजे किराणावाला, जत्रेतला तंबू, बसस्टँडवरचा टेबलवाला, कुणीही विकू शकतो. तेव्हा विकणारा कोण यापेक्षा डबीवर काय छापलंय हे महत्त्वाचं. उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, बनवल्याची आणि मुदत संपण्याची तारीख, घटकांची नावं व प्रमाण, बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता. यातलं एकही नसेल तर डबी परत.

परवाना क्रमांकाऐवजी एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचा, चौदा आकडी क्रमांक दिसला तर ते औषध नव्हे, खाद्यपदार्थ किंवा पूरक आहार. वाईट असतं असं नाही, पण त्यानं आजार बरा होतो असा दावा कंपनीला करता येत नाही. पुढच्या बाजूला "सांधेदुखीवर रामबाण" आणि मागं बारीक अक्षरात "औषधी वापरासाठी नाही" असं छापलेला डबा मी स्वतः परत पाठवलाय. तक्रार करायची असेल तर राज्याचं अन्न व औषध प्रशासन आहे. बिल मात्र जपून ठेवा, बिलाशिवाय कुणी ऐकत नाही.

पण हे नैसर्गिक आहे ना? मग अपाय कसा होईल?

बिब्बाही नैसर्गिकच. कोकणात बिब्बा उतलेला माणूस ज्यानं पाहिलाय तो हा प्रश्न विचारत नाही. गुडघ्याला बिब्ब्याचं तेल लावलं आणि दुसऱ्या दिवशी पोटरीपर्यंत पाण्यानं भरलेले फोड, चेहरा सुजलेला. कायद्यातही बिब्बा, बचनाग, धोत्रा, गुंज, कुचला यांची विषारी द्रव्यांची वेगळी यादी आहे, आणि ते घटक पोटात घ्यायच्या औषधात असतील तर वैद्यांच्या देखरेखीखाली घ्या अशी सूचना डबीवर छापावी लागते. ती सूचना दिसली की तो माल घरच्या डब्यात ठेवायचा नाही, मग नाव कितीही ओळखीचं असो.

दुसरं उदाहरण सौम्य वस्तूचं. ज्येष्ठमधाचा तुकडा घशासाठी चघळला तर ठीकच. पण रोज काढा करून महिनोन्‌महिने घेतला तर त्यातल्या ग्लिसिरायझिनमुळे अंगात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं आणि रक्तदाब चढतो. बीपीच्या गोळ्या चालू असूनही आकडा खाली येईना म्हणून हैराण झालेले एक मास्तर होते. घशासाठी रोज दोन वेळा ज्येष्ठमध, तेही दीड वर्ष. डॉक्टरांना हे सांगायचं असतं हेच त्यांच्या डोक्यात नव्हतं. ते काय औषध थोडंच आहे, असं त्यांचं म्हणणं.

तिसरं, करोनाच्या काळातली गुळवेल. प्रत्येक कुंपणावरून तोडून नेली लोकांनी. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला की वापरलेली वनस्पती नेमकी गुळवेलच होती का, हे तपासलेलं नाही. माझ्या दृष्टीनं दोन्ही बाजू एकच गोष्ट सांगतात: न ओळखलेली वेल, न मोजलेलं प्रमाण आणि न थांबवलेलं सेवन.

खोकला-सर्दीला डब्यातलं काय द्यावं?

सितोपलादि. खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २, दालचिनी १. हे निम्म्या-निम्म्यानं उतरणारं गणित मला फार आवडतं, पाठ करावं लागत नाही. मोठ्या माणसानं पाव ते अर्धा चमचा मधात कालवून चाटायचं, दिवसातून दोन-तीनदा. आता बेरीज करा. ३१ भागांत १६ भाग साखर, वर मध. मधुमेह असलेल्या आजोबांना "आयुर्वेदिकच आहे" म्हणून दिवसातून चार वेळा दिलं तर साखर वाढणारच. च्यवनप्राशालाही हाच हिशोब लावा.

काढा करायचाच तर २०२० मध्ये आयुष मंत्रालयानं दिलेलं प्रमाण सोपं आहे: तुळस ४ भाग, दालचिनी २, सुंठ २, मिरी १. तीन ग्रॅम मिश्रण १५० मिली पाण्यात. त्या वर्षी लोकांनी मूठमूठ मिरी घालून दिवसातून पाच वेळा काढा प्यायला आणि मग पोटात आग म्हणून अँटासिड न्यायला माझ्याकडे आले. बाजारातली दालचिनी बहुतेक जाड सालीची, कॅसिया जातीची असते. तिच्यात कूमारिन जास्त, जे रोज भरपूर घेतलं तर यकृताला सोसत नाही. पातळ पापुद्र्यांची, सिगारेटसारखी गुंडाळलेली मिळाली तर ती घ्या.

अडुळशाचं झाड ज्याच्या दारात आहे तो नशीबवान. त्यातल्या व्हॅसिसीन या द्रव्यावरूनच पुढे ब्रोमहेक्सीन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं, जे आज कित्येक खोकल्याच्या सिरपांत असतं. म्हणजे माझ्या दोन्ही भिंतींवर एकच वस्तू आहे. गरोदर बाईला मात्र अडुळसा नको, त्यानं गर्भाशय आकुंचन पावतं.

पोट साफ होत नाही. रोज रात्री चूर्ण घेतलं तर चालेल?

कोणतं चूर्ण, ते आधी बघू. "पोटसफा" जातीच्या बहुतेक चूर्णांत सोनामुखी असते. ती आतड्याला चिमटा काढून काम करवते. चार दिवस ठीक, चार महिने घेतली तर आतडं चिमट्याशिवाय हलायचं नाव घेत नाही. माझ्या गिऱ्हाइकांत सर्वांत जुने बांधील लोक हेच.

त्रिफळा, म्हणजे हिरडा, बेहडा, आवळा, त्या मानानं सौम्य. रात्री चहाचा एक चमचा कोमट पाण्यात. इसबगोल तर औषधापेक्षा चोथाच. एक-दोन चमचे पूर्ण पेलाभर पाण्यात घालून लगेच प्यायचं आणि वर आणखी पाणी. कोरडा तोंडात टाकून घोटभर पाण्यावर ढकलायचा नाही. तो घशातच फुगतो, आणि म्हाताऱ्या माणसाचा श्वास अडकू शकतो. बाकीच्या गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा.

गॅस, पोटफुगी असेल तर पहिल्या घासाला तुपाबरोबर हिंग्वाष्टक. बीपीवाल्यांनी त्यातलं सैंधव लक्षात ठेवावं.

जुलाब होत असतील तर डाळिंबाची साल, जायफळ, मुरुडशेंग यांत वेळ घालवण्याआधी पाणी. ओआरएस नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मूल मरतं ते पाणी कमी पडल्यानं.

सून बाळंतपणासाठी आलीये. बाळगुटीचं सामान द्या, आणि किती वेढे द्यायचे ते सांगा.

या प्रश्नाला गल्ल्यावर गर्दी जमते, कारण शेजारी उभ्या असलेल्या प्रत्येक बाईला मत असतं.

सामान माहीत आहे सगळ्यांना: हिरडा, मायफळ, जायफळ, हळकुंड, सुंठ, वेखंड, ज्येष्ठमध, मुरुडशेंग, अतिविष, काकडशिंगी, सागरगोटा, खारीक, बदाम. सहाणेवर आईच्या दुधात एकेक वेढा उगाळायचा. माझ्या दोन्ही मुलांना मी गुटी दिली, सासूबाईंच्या हातची. आज नातवाला देणार नाही, निदान पहिले सहा महिने नाही. कारण सांगते.

पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि आपले बालरोगतज्ज्ञही. गुटीतलं वेखंड घ्या. त्यात बीटा-असारोन नावाचं द्रव्य असतं, त्याच्यामुळे अमेरिकेनं १९६८ मध्येच वेखंड खाण्यात घालायला बंदी केली. जायफळाचा एक वेढा वेगळा आणि "झोपत नाही म्हणून" दिलेले पाच वेढे वेगळे. पाच वेढ्यांनी बाळ झोपतं नाही, गुंगतं. शिवाय कांडी उगाळून झाल्यावर ओलीच डबीत परत जाते. एकदा एक आजी मला गुटीची डबी दाखवायला घेऊन आल्या, "वास का येतो बघ गं" म्हणून. उघडली तर बदामावर पांढरी लव आणि खारकेवर हिरवट ठिपके. त्याच सकाळी त्यातून उगाळून झालं होतं.

आणि मध? एक वर्ष होईपर्यंत बोटभरसुद्धा नाही. जन्मल्या जन्मल्या चाटवतात तोही नाही. मधातल्या बोट्युलिझमच्या बीजाणूंपुढे लहान बाळाचं आतडं टिकत नाही, अंग लुळं पडतं. मोठ्या माणसाला तोच मध काही करत नाही, म्हणून पटवणं अवघड जातं.

एवढं सांगूनही द्यायचीच असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारून, आणि वेखंड व अतिविष काढून. मी सामान देते, पण ही दोन पुडक्यातून वगळते. त्यावरून एक-दोघींनी दुकान बदललं.

कापूर, निलगिरी, ओव्याची पुरचुंडी, याचं काय?

निलगिरीचे दोन थेंब मोठ्या माणसाच्या रुमालावर, इतपत ठीक. दोन वर्षांखालच्या मुलाच्या नाकाला, छातीला कापूर किंवा निलगिरी चोळू नका. पोटात गेला तर कापूर अगदी थोडाही लहान मुलाला झटके आणतो. देवघरातला कापूर खडीसाखरेसारखा दिसतो आणि डबी नेमकी मुलांच्या हाताला येईल अशा उंचीवर असते. ती वर ठेवा.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत कापूर, लवंग, ओव्याची पुरचुंडी हुंगली की ऑक्सिजन वाढतो, असा मेसेज फिरला होता. वाढत नाही. नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, बस.

व्हिटॅमिनच्या गोळ्या, कॅप्सूल, पावडरी कोणत्या ठेवाव्यात?

ठेवूच नका असं माझं सरळ मत. ज्याची रक्ततपासणी झाली, ज्याला कमतरता निघाली, त्यानं ठरलेल्या दिवसांपुरत्या आणाव्यात. चार गोष्टी मात्र सांगते, कारण यावरून रोज घोळ होतो.

डी जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची कॅप्सूल किंवा पुडी बहुधा आठवड्यातून एकदा घ्यायची असते. रोज नाही. एका काकांनी चार कॅप्सूलची पट्टी चार दिवसांत संपवली आणि दुसरी घ्यायला आले, तेव्हा मला कळलं. जास्त डीनं रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मळमळ, उलट्या, पुढे मूत्रपिंडाला त्रास. तेव्हापासून मी पट्टीवर मार्करनं वार लिहून देते: रविवार. एवढ्यानं काम होतं.

लोहाच्या लाल गोळ्या मुलांना चॉकलेटच्या वाटतात आणि मूठभर गेल्या तर जिवावर बेततं. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर कुलूप.

हळदीची कॅप्सूल म्हणजे हळद नव्हे. हळदीत कर्क्युमिन शेकडा तीनच्या आसपास. कॅप्सूलमध्ये तेच वेगळं काढून, वर मिरीचा अर्क घालून कित्येक पटींनी शोषलं जाईल असं केलेलं. अशा कॅप्सूलनंतर यकृताला सूज आल्याच्या नोंदी अनेक देशांत आहेत. आमटीतल्या हळदीवर हा दोष लावू नका. अश्वगंधेचंही तसंच. थायरॉइडची गोळी चालू असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी ती स्वतःहून घेऊ नये.

केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त द्यायला जाताना लॅबमध्ये सांगा. थायरॉइडपासून हृदयविकाराच्या ट्रोपोनिनपर्यंत काही तपासण्यांचे आकडे त्यामुळे चुकीचे येतात.

बीपी, शुगर, थायरॉइडच्या गोळ्या चालू आहेत. सोबत काय चालेल?

काय चालेल ते डॉक्टर सांगतील. काय विचारायचं ते मी सांगते. मधुमेहाच्या गोळ्यांसोबत मेथी, कारलं, गुडमार यांचे अर्क घेतले तर साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर लसूण, आलं, हळद यांच्या कॅप्सूल नकोत, आणि ऑपरेशन ठरलं असेल तर दोन आठवडे आधी डॉक्टरांना यादी द्या. थायरॉइडची सकाळची गोळी आणि कॅल्शियम किंवा लोह यांत चार तास अंतर. आसव-अरिष्टांत आंबवण्यातून आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतं, ते मेट्रोनिडाझोलसारख्या गोळ्यांबरोबर नको.

यादी तोंडी सांगू नका. डबी घेऊन जा किंवा मोबाइलवर फोटो काढा. "ती हिरव्या झाकणाची" असं मलाही रोज ऐकावं लागतं.

भस्मं, रसकल्प, म्हणजे धातूंची आणि पाऱ्याची औषधं, घरात ठेवावीत का?

नाही. अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इंटरनेटवरून मागवलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे एक पंचमांशांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. त्यात अमेरिकेत बनलेलीही होती. वैद्यांनी नाडी बघून, मोजून, मुदत ठरवून दिलेलं भस्म हा त्यांचा आणि तुमचा मामला. उरलेल्या पुड्या "पुढच्या वेळी लागतील" म्हणून ठेवायच्या नसतात.

मुलगा अमेरिकेत आहे. त्याला पाठवू का?

सुंठ, ओवा, हळद तिथल्या भारतीय दुकानात मिळतं. पाठवायचंच असेल तर कंपनीचं सीलबंद पॅकिंग, घटक इंग्रजीत छापलेले, बिलासकट. झिपच्या पिशवीत भरलेली घरगुती तपकिरी पूड विमानतळावर कशी दिसते ते तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. भस्म घातलेलं काहीही नको, आणि तिथल्या डॉक्टरांना तो काय घेतो ते सांगायला सांगा.

अंगावर पित्त उठलं, टाच भेगाळली, मुका मार लागला, यासाठी काय?

पित्त उठल्यावर आमसुलाचं पाणी अंगाला लावायचं हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक. खाज शमते. पण ओठ किंवा जीभ सुजली, आवाज बसला, श्वास अडला तर आमसूल भिजत घालत बसू नका, गाडी काढा.

टाचांसाठी कोकमतेल. गोव्यात आणि सिंधुदुर्गात याला भिरंडेल म्हणतात. फिकट पिवळसर, अंड्याएवढे घट्ट गोळे. नखानं खरवडलं तर मेणासारखा कीस पडतो, पण बोटांत चोळला की अंगच्या उबेनं वितळतो. रात्री पाय धुऊन, पुसून, भेगेत भरून मोजे घालायचे. डब्यातली ही एकमेव वस्तू जिच्यासाठी मी कुणालाही कसली अट घालत नाही.

मुका मार लागला तर हळद-चुन्याचा लेप घालतात. चुन्याची डबी मुलांपासून लांब ठेवा. डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते. उडालाच तर वाहत्या पाण्यानं किमान पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवायचा, मग दवाखाना.

पावसाळ्यात सगळं लोळागोळा होतं. कसं ठेवायचं?

काचेची बरणी, घट्ट झाकण, आणि गॅसच्या शेगडीपासून लांब. शेगडीवरच्या फळीवर ऊब असते म्हणून लोक तिथं ठेवतात, पण तिथंच रोज वाफ चढते. फ्रिजमध्येही नको, बाहेर काढून उघडलं की आतल्या पुडीला घाम येतो. मे महिन्यात अख्ख्या काष्ठौषधींना दोन उन्हं द्या. चमचा कोरडा. आणि बरणीला चिठ्ठी: नाव, आणल्याची तारीख, उघडल्याची तारीख, कुणी दिलं. झाकणावर नाही, बरणीवर, कारण झाकणं बदलतात.

गठ्ठा झालेलं, बुरशीचा वास येणारं, भुंगा लागलेलं चूर्ण चाळून, वाळवून परत वापरू नका. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी आमच्या दुकानात छातीपर्यंत होतं. पाणी ओसरल्यावर कितीतरी जण घरातल्या ओल्या पुड्या घेऊन विचारायला आले, "वाळवून चालेल ना?" सीलबंद काचेच्या बाटल्याही आम्ही टाकल्या. पुराचं पाणी कुठून कुठून आलेलं असतं.

टीव्हीवर दाखवतात ते मधुमेह मुळासकट घालवणारं औषध आहे का तुमच्याकडे?

नाही. मधुमेह, कर्करोग अशा आजारांवर इलाज असल्याची जाहिरात करायलाच १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. तरी जाहिरात दिसते, हा वेगळा विषय.

डबा बंद करून दवाखान्यात कधी जायचं?

तीन दिवसांवर ताप. थुंकीतून, शौचातून रक्त. छातीत दाब, जबडा किंवा डावा हात दुखणं. याला "गॅस" म्हणून हिंग-ओवा खात बसलेली माणसं मी पाहिली आहेत. तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं. डोळे-लघवी पिवळी होणं, त्या दिवशी सगळ्या काढ्या-चूर्णांना सुट्टी. बाळ दूध ओढत नसेल तर. साप, विंचू. विषारी काही पोटात गेलं तर ओकारी काढायला मीठपाणी पाजू नका, १०८ ला फोन करा आणि ती डबी सोबत न्या.

आजीच्या कपाटातल्या बिननावाच्या बरण्यांचं काय करू? टाकवत नाहीत.

चाखून ओळखायच्या भानगडीत पडू नका. हळकुंड, जायफळ, हिरडा, मुरुडशेंग, सागरगोटा अशा अख्ख्या वस्तू ओळखू येतात. कीड नसेल तर ठेवा. पुड्या सगळ्या जुन्या कागदात बांधून ओल्या कचऱ्यात, गुरांच्या किंवा कुत्र्यांच्या तोंडी लागणार नाहीत अशा. भस्माचा संशय असलेली पुडी परसात पुरू नका, वेगळी ठेवून जवळच्या वैद्यांकडे द्या. बरण्या सोड्याच्या गरम पाण्यानं धुऊन दोन दिवस उन्हात पालथ्या घाला. झाकणाचं रबर बोहरी आळीत सुटं मिळतं, आमच्याकडेही आहे.